बार

कोटगिरे मॅडम,
तुम्ही कमरेच्या हाडात सुई फिरवायलात
तवा मी पालथा पडून मोजायलो होतो.
वरचा मुरूम. मग मांजऱ्या. मग काळा.
काळ्याला लागलं की आवाज बदलतो.
बदलला.
तुमच्या हातालाबी कळलं असंल,
तुम्ही थांबलात, दम घेतला,
मग जोर लावलात.

चाळीस वर्सं मी हेच केलं.
कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर,
कुठंबी दगड आडवा आला की
सायन्ना धोत्रेला बलवा.

तुमचं म्हणणं मला समजलंय.
नर्सिंगला वाटतं, बापाला अक्षर नाही
म्हणजे अंदाजबी नाही.
एक रस्ता हैदराबादचा.
माझ्याच रक्तातलं बी काढून बर्फात ठेवायचं,
मग एकच औषध, जोरदार,
हाडातलं बरं-वाईट सगळं उडवायचं
आन् ठेवलेलं बी परत पेरायचं.
महिनाभर काचंच्या खोलीत.
शंभरातले दोन-चार तिथून चालत येत नाहीत,
हे तुम्ही हळू सांगितलं, पण सांगितलं.
मुळासकट तिकडंबी जाईल असं नाही.
लांब जाईल, म्हणालात.

दुसरा रस्ता लातूरचाच.
गोळ्या, आठवड्याला सुई,
महिन्याला रक्त.
ताब्यात राहील.
किती दिवस, विचारलं
तर पंख्याकडं बघितलात.

हाळणीच्या एका विहिरीत
करंगळीएवढी धार होती.
दोन घरं, चार म्हशी भागायच्या.
मालक म्हणला, अजून चार बार लावा.
लावले.
धूर निवल्यावर उतरलो तर धारच नाही.
दगडाला तडा गेला आन् पाणी
खालच्या खाली कुठं उतरलं
ते त्यालाच ठाऊक.
मालक काही बोलला नाही.
मला जेवायला वाढलं त्यानं.
वरण होतं, आंबट.

पण खोटं कशाला बोलू.
सावरगावला मीच नको म्हणलो होतो.
हात लावू नका, आहे ते जाईल.
माझ्या मागं एका पोरानं सहा तोटे भरले
आन् तिसऱ्या दिवशी
पाणी मोटारीला आवरंना.
वर्षभर मी त्या वाटेनं गेलो नाही.

म्हणून म्हणतो, मला दगड विचारू नका.
दगडाचं मला कळतंय,
एवढंच कळतंय की कळत नाही.

आमचा एक नेम होता.
शेवटचा माणूस वर आल्याबिगर
वात पेटवायची नाही.
लाल फडकं हलवायचं,
तीनदा वरडायचं, बार हाय, बार हाय,
गुराख्याची पोरं बांधाआड बसायची,
मग काडी.
इथं विहीर मीच
आन् आत राहिलेला माणूसबी मीच.
मला वर कोण काढणार, मॅडम?

मल्लव्वाला विचारलं.
ती म्हणली, काचंच्या खोलीत मला येऊ देतील का?
नाही म्हणलं.
तिनं भाकरी उलटली.
पुढं काहीच विचारलं नाही.
नर्सिंग तिच्यावरच चिडला,
तुम्ही दोघं मिळून मरायचं ठरवलंय का, म्हणला,
आन् मग भाईर जाऊन
मोटारसायकल पुसत बसला, पुसलेलीच.
रागाचं काही नाही. त्याला एकदाच काय ते व्हायला पायजे.
माझंबी वय असतं तर
मीबी हेच म्हणलो असतो.

सोमवारी सही करा म्हणालात.
पोरानं तिकीट काढून ठेवलंय,
रद्द करता येतं म्हणतो.
मी आज गोळी घेतली, जेवल्यावर,
तुम्ही सांगितलं तसं.

रात्री माळ्यावरून ती जुनी दोरी काढली,
टोकाला दगड बांधलेली,
हाताहातावर गाठी मारलेली.
उन्हाळ्यात लोक हिनंच पाणी मोजायचे,
रोज सकाळी, कुणी न सांगता.
अंधारात गाठी चाचपत बसलो.
बोटांना मुंग्या येतात, गोळ्यांनी येतात म्हणालात.
अकरावी का बारावी, एक गाठ हातातून सुटली.
परत पहिल्यापासून मोजायलो.